दाजींच्या पायातलं कडं

...आन् वर मलाच इचारत्यात, "आकाराम, लागलं का रं?" आता कानाखाली जाळ काढल्यावर लागंल का न्हाई, तुमीच सांगा. तुमास्नी सांगतो, हंबीरराव म्हंजे आमचं दाजी, राहीअक्काचं मालक, मैदानं मारलेला गडी. बहिनीच्या नवऱ्यावर उलटा हात उचलायची सोय न्हाई. त्यामुळं चौऱ्याहत्तर साली झालं काय... जंतू दाजींच्या पायात, आन् मार मला.

उसाची गाडी ओढ्यात रुतली, बैल बसलं, दाजींचं डोस्कं फिरलं, घातली लाथ. बैल शाना, त्यानं अंग चोरलं, लाथ बसली चाकाच्या लोखंडी धावेवर. नडगी फाटली, वर शेन. पाय सुजून भोपळा झाला, पू थांबंना, तवा गाडीत घालून विश्रामबागेत विनोदिनीबाई डॉक्टरकडं आनलं. बाई वाईची, बोलनं गोड. एक औषध टोचलं, ढिम्म. दुसरं, तिसरं, चौथं... ढिम्म. दर टोचनीला दाजी कुनाला तरी गुद्दा घालनार, आन् बाईला तर घालता येत न्हाई, मंग शेजारी कोन? जंतू त्यांच्या पायात, आन् मार मला.

पू तपासून आला तशी बाई म्हनली, "हे जंतू चारही औषधांना दाद देत नाहीत. आधी कधी कॅप्सूल घेतल्या होत्या?"

घेतल्या म्हंजे? तालमीत कुनाला गळू होऊ दे, कुनाचं पोट बिघडू दे, डॉक्टरनं दिलेल्या कॅप्सूल दाजी हिसकून घ्यायचं. "तालमीत बदाम वाटून खातो, थंडाई वाटून पितो, आन् औषध एकटा खाऊन ताकद कमावतोस व्हय रं?" आजाऱ्याला एक, बाकीच्यास्नी एकेक, दाजींची एक ठरलेली. मी धडधाकट, नगं म्हनलो, तर नाक दाबून कोंबली की.

बाईनं कपाळाला हात लावला. "म्हणजे पुरतं औषध कुणालाच नाही. एका कॅप्सूलनं पोटातले कच्चे जंतू मेले, दांडगे उरले, त्यांचंच बेणं वाढलं. त्यांच्या अंगात एक बारीक कडं असतं, औषध हाणून पाडायची विद्या त्यात असते. हे पोटातले जंतू तुमच्याच हातानं जखमेत गेले. तिथं दुसऱ्या जातीच्या जंतूंना नळी जोडली आणि त्या कड्याची तश्शीच नक्कल देऊन टाकली. एकाच कड्यात चारही औषधांवरचे तोडगे."

दाजींनी ऐकलं फकस्त 'कडं'. पैलवानाचं कडं म्हंजे चांदीचं, मैदान मारल्यावर मिळनारं. "कुस्ती न मारता कडं? आन् परक्या तालमीच्या गड्याला आपला डाव शिकवायचा? असल्या वस्तादाची मुंडी मुरगाळतो. बाई, ते कडं काढून घ्या."

"लाखो आहेत ते. एकाचं काढेपर्यंत दुसऱ्यांना देऊन बसतील."

"पन ह्ये माझ्या पोटात राहून माझंच खानारं..." आसं म्हनून दाजींनी आपल्याच पोटात बुक्की हानली. दुखली. मंग दुसरी मला. जंतू त्यांच्या पोटात, जंतू त्यांच्या पायात, आन् मार मला.

शेवटी बाई दारात उभी राहून म्हनली, "गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. नाहीतर विष रक्तात पसरेल, जीव जाईल." दाजींनी खाट उलथली, सलाइनची बाटली भिंतीवर फोडली, माझी गचांडी धरली... आन् मारलंच न्हाई. माझ्या खांद्यावर डोस्कं टेकून लेकरागत रडाय लागले. "आकाराम, एका पायावर लंगोट कोन लावतं रं?" लय वाईट वाटलं बगा. मीबी रडलो. एवढा गडी, आन् त्याला चीत केलं कुनी, तर डोळ्याला न दिसनाऱ्या किड्यांनी.

पाय गेला, जीव राह्यला. अक्कानं देवाला नारळ फोडला. मी म्हनलो, चला, एक पाय कमी, उठून मागं लागायचं न्हाईत, आपली सुटका झाली.

कशाची सुटका? बाईनं कुबडी दिली. आदी दाजींचा हात पोचंल तेवढ्यापुरतं जपलं की भागायचं... आता चार हात लांब बसतो, तरीबी लागतंय.