हरणीची ओटी

आमचं गाव दिवे घाट चढून वर गेलं की उघड्या माळावर. पानी म्हनाल तर टँकरचं, झाड म्हनाल तर बोर न्हायतर बाभळ, आन् जनावर म्हनाल तर हरीन. त्याला कागदावर चिंकारा म्हनत्यात हे मला लगीन झाल्यावर कळलं, कारन आमचं मालक जंगल खात्यात मजूर व्हते. मजूर म्हंजे रोजंदारीवर. चर खना, रोपं लावा, वनवा लागला की हिरवा फाटा घिऊन इझवायला पळा. अंगावर खाकी न्हाय, हातात नुसती काठी. पन आज ना उद्या कायम व्हनार, हे मी हळदीच्या अंगानं ऐकत आले. मला मागनी घालताना सासऱ्यानं माझ्या बापाला तेच सांगितलं, पोरगा सरकारात हाय, कायम हुईल. त्या कायमवर माझं लगीन झालं, काय सांगू तुमाला.

तर ती हरनीची केस. तवा पुन्याच्या आजूबाजूला जमिनीची नुसती झुंबड उडाली व्हती, हिंजवडीत कंपन्या यायला लागल्या व्हत्या, आन् ज्यांनी जमिनी घेतल्या-इकल्या त्यांच्या पोरांना पैशाचं काय करावं ते सुदरंना. तसली चार पोरं जीप आन् बंदूक घिऊन माळावर आली. दिवस उगवताना बार ऐकला आन् मालक पळाले. जीप कुठं गावली म्हनाल तर चरात, आमच्या मालकानंच खनलेल्या चरात पुढची दोन्ही चाकं आत, आन् मागं हरनी पडल्याली, मानंतनं गोळी आरपार. मालकानं काठी आडवी धरली, बोंब ठोकली, समदं गाव गोळा झालं. त्यात एका मोठ्या जमीनवाल्या शेठचा पोरगा व्हता, तो हसून म्हनला, मामा, सोडा की, हरीनच तर हाय. मालक म्हनले, हरीन असू दे न्हायतर उंदीर, सायेब येईस्तवर हलायचं न्हाय.

सायेब आले दुपारी. पंचनामा झाला, गावातल्या दोघांनी पंच म्हनून सह्या केल्या. जीप नेली, बंदूक नेली, पोरं नेली. हरनी ऱ्हायली. सायेब म्हनले, पुन्याहून जनावराचा डॉक्टर येईल, तो चिरून बगंल, तवर हिला कोल्ह्याकुत्र्यापास्नं सांभाळ. मालकानं ती उचलून आमच्या दारातल्या मांडवाखाली आनली. सायबानं त्यांची पाठ थोपटली, म्हनले, आता तुझं कायमचं काम झालंच समज. त्या दिशी मी गुळाचा शिरा केला. खोटं कशाला बोलू, केला.

डॉक्टर काय आला न्हाय. दुसऱ्या दिशी बी न्हाय. चैताचं ऊन, माशा घोंगावाय लागल्या, पोट फुगाय लागलं. मालक सासवडला जाऊन फोन करून आले, तर म्हनं, डॉक्टर दुसऱ्या कामात हायेत, थांबा. तवर आळीतल्या बाया जमल्या. सासूबाईंनी पोटावर हात ठिवला आन् म्हनल्या, अगं, ही पोटुशी हाय.

आता आमच्यात कशी रीत हाय ताई, सवाष्न बाई गेली तर तिला ओटी भरल्याबिगर मातीआड करत न्हाईत, आन् पोटुशी असंल तर न्हायच न्हाय. मालक म्हनले, आये, डॉक्टर येऊ दे. सासूबाई म्हनल्या, तुझी बायकू अशी उन्हात पडली असती तर डॉक्टरची वाट बगत बसला असतास का. मालकानं कुदळ उचलली. मग त्यांनीच बोरीखाली खड्डा खनला. मी हरनीला ऊन पान्यानं न्हाऊ घातलं, मानंच्या जखमंत हळद दाबून भरली, हिरवा खन, नारळ, तांदूळ, समदं केलं. वरनं मीठ घातलं, उकरून खायला नको कुनी म्हनून. बाया रडल्या वो. सख्ख्या नंदंसाठी रडल्या नसतील इतक्या रडल्या.

तिसऱ्या दिशी डॉक्टर आला. वरातीमागून घोडं. उकरलं तर काय, मिठानं आन् उन्हानं समदं गळल्यालं, वर खन आन् नारळ. सायबाचं तोंड काळंठिक्कर पडलं.

केस पुन्याच्या कोर्टात कैक वर्सं चालली. तारखंला मालक भाकरी बांधून जायचे, शेठचा पोरगा गाडीतनं यायचा, गाडी दर बारीला नवी. तवर शेठनं आमच्या गावात बी जमीन घ्यायला सुरवात केली, मग पंचांना आठवंना त्यांनी काय बगितलं व्हतं. आन् शेठचा वकील कोर्टात म्हनला, जखमंत हळद भरल्याली, मग ती गोळीची का कुत्र्यानं चावल्याली कुनाला ठावं? समदं कोर्ट हसलं. माझी हळद ताई, माझ्या हातची.

चारी पोरं सुटली. मालकाला त्याच्या आधीच काढलं. पुरावा खराब केला म्हनं. रोजंदारीच्या मानसाला काढायला कागद बी लागत न्हाय, उद्यापास्नं येऊ नको म्हनलं की झालं. संगतीचे समदे कायम झाले, आमचे तेवढे घरी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हनत्यात ते हेच. त्या हरनीपायी शिक्षा झाली ती एकाच मानसाला, ज्यानं काठी आडवी धरली त्याला.

मग पुन्यात बिबवेवाडीला आलो. मालक एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन झाले, अंगावर खाकी आली ती हितं. त्यातच गेले. मला कधी बोल लावला न्हाय. एकदा नुसतं म्हनले, हळद जरा कमी भरली असतीस तर. आन् सोताच हसले. त्यापरीस शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

परवा जिथं पोळ्या करते तिथल्या मॅडम, त्या हिंजवडीला कंपनीत हायेत, पेपर बगून म्हनल्या, मावशी, आता प्राणी मारनाऱ्याची शिक्षा अजून वाढवली, चांगलं झालं की नाही? म्हनलं, लई चांगलं झालं. काय बोलनार? लिव्हत्यात तर लिव्हू दे. पन शिक्षा वाढली की सुटायची धडपड बी वाढती, आन् ज्याच्याकडं गाडी हाय तोच सुटतो. डॉक्टर येळंवर येईल असा कायदा करा की आधी. साक्षीदार फुटनार न्हाय असा करा. काठीवाल्याला कायम करा.

आन् घरी जाताना चौकात फ्लेक्स बगितला. शेठचा पोरगा, आता केस पिकल्यात, हात जोडल्याला. बाजूला हरनाचा फोटू. खाली लिव्हलं व्हतं, कडक कायद्याचे हार्दिक स्वागत. मी हुबी ऱ्हाऊन समदं वाचलं. मनात म्हनलं, कर बाबा स्वागत, तुझं काय जातंय.

मला इचाराल तर म्या आज बी ओटी भरंन. कोर्ट हसू दे. पोटुशी लेक तशीच मातीत घालायची माझी जात न्हाय.

भाऊ सांगतो, माळावर अजून चार-दोन हरनी दिसत्यात. ऱ्हाऊ देत. नीट बाळंत व्हा गं बायांनो, लेकरं वाढवा. आन् जीपचा आवाज आला की कायद्याची वाट बगत थांबू नका. पळा.