आकडीच्या गोळ्या

(कडावचं घर. चंद्रभागा सुनेच्या, विमलच्या, भाजलेल्या हाताला खोबरेल लावते आहे. विमलची सहा वर्षांची सुजाता उंबऱ्यात एकटीच थाळी गरगर फिरवते आहे.)

चंद्रभागा : पेजेच्या वाफेनं कोपरापातूर भाजत नाय. आकडी आली ना?

विमल : जरा चक्कर आली.

चंद्रभागा : जीभ दाव... चावलीय. गोळ्या सपल्या का?

विमल : आहेत. घेत नाही मी.

चंद्रभागा : कवापासून?

विमल : पाळी चुकली तेव्हापासून.

चंद्रभागा : अगं, मंग मला सांगायचं नाय? हिरामणला तरी सांगितलंस?

विमल : ह्यांनाही नाही. आत्याबाई, मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी सुजाताच्या दुखण्याचं नाव सांगितलं ना, ऑटिझम, तेव्हा मला विचारलं होतं. ही पोटात असताना कुठलं औषध चालू होतं?

चंद्रभागा : मंग?

विमल : कुठलंच नाही, म्हणाले मी.

चंद्रभागा : खोटं कशापायी बोललीस?

विमल : हे पोरीला घेऊन बाहेर होते. खरं सांगितलं असतं तर तुझ्यामुळंच झालं म्हणाल्या असत्या.

चंद्रभागा : तुज्यामुळं कसं? तू तर तवाबी गोळ्या टाकून देत व्हतीस. मीच कुटून ताकात घालायची.

विमल : ठाऊक होतं मला. ताक कडू लागायचं.

चंद्रभागा : ठावं व्हतं? आन् तरी पीत व्हतीस?

विमल : विहिरीच्या काठावर पडले होते ना, त्याची धास्ती बसली होती. टाकल्या मी, पण तुम्ही घालताय म्हणून बरंही वाटायचं.

चंद्रभागा : पाय धरून वढली व्हती तुला. दुसरं काय करनार व्हते मी?

विमल : आता हे दुसरंही तसंच झालं तर? सुजाता हाकेला बघतसुद्धा नाही.

चंद्रभागा : आन् तूच चुलीत गेलीस तर? हिला कोन खाऊ घालंल? दुसऱ्या कुनाच्या हातचा घास घेत नाय ती. उद्या त्या बाईकडं जाऊ. जे हाय ते सांगू.

विमल : त्या म्हणाल्या, गोळ्यांमुळंच झालं, तर?

चंद्रभागा : तर दोघींनी आयकायचं.

(दुसरा दिवस. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंना भेटून येताना कर्जतहून घेतलेली परतीची एस.टी. सुजाता आजीच्या मांडीवर झोपली आहे.)

चंद्रभागा : नीट सांग गं आता. मला बाईचं समदं समजलं नाय.

विमल : गोळ्यांमुळं असेल, नसेलही, म्हणाल्या. खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही. आपल्या मनानं औषध बंद करायचं नाही. गोळी बदलून दिलीय, दर महिन्याला दाखवायचं.

चंद्रभागा : असंल, नसंल. म्हंजी आपुन काय समजायचं?

विमल : मलाही कळलं नाही.

चंद्रभागा : ताकाचं मी सांगितलं, तवा बाई काय म्हनल्या?

विमल : काहीच नाही. एका शब्दानं बोलल्या नाहीत आपल्याला.

चंद्रभागा : त्येच सोसंना मला.