साडूंचा खोकला

मोठेपणा काय चीज असते, ते आमच्या अंजूरच्या साडूंकडून शिकावं. शेतात गोदामं उभी राहून भाडं सुरू झाल्यापासून हा माणूस गाडीचं दारसुद्धा स्वतःच्या हाताने उघडत नाही. फक्त सकाळी भाजीच्या उरलेल्या वाफ्यातून अनवाणी फिरतो. तब्येतीसाठी म्हणे! त्यातच खोकला जडला, तो तीन महिने हटेना.

भिवंडीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "मातीतले जंत तळपायातून शिरतात आणि फुफ्फुसात जातात. डबीत संडासचा नमुना आणून द्या."

साडू घरी येऊन भडकले. "खोकला वरचा हाय, आन तपासणी खालची? जंत पोरांना होतात!"

शिवाय ती डबी भरणार कोण? साडूंनी ड्रायव्हर गणपतला फर्मावलं, "तुझीच दे." त्याने बिचाऱ्याने दिली. रिपोर्टात जंत निघाले, बाईंनी गोळ्या लिहून दिल्या.

मी म्हटलं, "आता तरी घ्या."

"मी कशाला घेऊ? जंत गणपतचे हायत."

गोळ्या गणपतनेच खाल्ल्या आणि त्याची वर्षाची पोटदुखी थांबली. पुढच्या तपासणीलाही डबी त्याचीच गेली, रिपोर्ट साफ आला. लगेच साडूंनी घरच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला, "रिपोर्ट क्लीन हाय. मला काय झालेलंच न्हाय."

मेसेज वीस सेकंदांचा होता. त्यातले पंधरा सेकंद साडू नुसते खोकत होते.