नाडीचं मशीन आणि तीन बोटं

हसू नका, पण मागच्या महिन्यात मी इथे परदेशात, आमच्या प्लेनो शहरातच एका कोरियन वैद्यबाईंना नाडी दाखवून आलो. झोप लागत नव्हती, जेवण जात नव्हतं आणि ब्लड रिपोर्ट बघावा तर सगळा नॉर्मल.

बाई सत्तरीच्या. टेबलावर एक नवंकोरं मशीन. म्हणाल्या, "बोटांनी प्रत्येक वैद्य वेगळंच सांगतो, म्हणून मुलीने हे घ्यायला लावलं. हे सगळ्यांची नाडी सारखीच मोजतं. बोला, त्रास काय होतोय?"

आता आपली खोड तुम्हाला माहीतच आहे. नाडी बघणाऱ्याला आजार आपण सांगायचा नाही, तो त्याने ओळखायचा. मी म्हटलं, "तुम्हीच सांगा."

त्यांनी मनगटाला पट्टा बांधला. स्क्रीनवर लाटा उमटल्या. सगळं नॉर्मल. मग पट्टा सोडून त्यांनी स्वतःची तीन बोटं ठेवली, डोळे मिटले आणि विचारलं, "एकटेच राहता ना?"

मी चाटच पडलो यार. म्हटलं, "मशीनला कळलं नाही ते बोटांना कळलं?"

"बोटांना कुठलं कळतंय!" बाई म्हणाल्या. "परवा अपॉइंटमेंटसाठी तुम्ही फोन केलात, तो मीच घेतला होता. वेळ दोन मिनिटांत ठरली. त्यानंतर अर्धा तास तुम्ही बोलतच होतात."

निघताना त्या म्हणाल्या, "पुढची अपॉइंटमेंट वेबसाइटवरून घेतलीत तरी चालेल."

म्हटलं, "नको, मी फोनच करतो."