उलट्या कुलपाचं कपाट

नाही, पण मला सांगा, सहलीला जायचं म्हणजे पहाटे साडेपाचला बससाठी रांगेत उभं राहायचं, असा कुठं कायदा आहे का? सूनबाईंनी परस्पर दोन तिकिटं काढून हातात ठेवली. "बाबा, एका दिवसात सगळं! इतिहास, जुन्या वस्तू आणि तिथलं खास जेवण!" अहो, मी जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. गुडघे गेले म्हणून गेल्या वर्षी रंधा-पटाशी पेटीत टाकली, तर लगेच मला इतिहास पाहिजे असं यांना कुणी सांगितलं? पण आमची ही नवी चप्पल घालून दारात उभी. मग काय, मी काही बोललो नाही.

पहिल्यांदा नेलं एका जुन्या घरात. हातात झेंडी घेतलेली एक मुलगी पुढं, आम्ही बावीस जण मागं. प्रत्येक वस्तूभोवती दोरी आणि दोरीवर पाटी, 'हात लावू नये'. ती मुलगी एका खुर्चीपाशी थांबली आणि म्हणाली, "बघा हं, या खुर्चीत एकही खिळा नाही!" सगळे म्हणाले, वा! मला दारातनंच चार खिळे दिसत होते हो! वरून मेण भरून झाकलेले, पण खिळे ते खिळेच. मी तोंड उघडलं, तेवढ्यात हिचं कोपर माझ्या बरगडीत. मी काही बोललो नाही.

मग जेवण. सगळं मातीच्या भांड्यात. कसली तरी पालेभाजी, पातळ आमटी, आणि भाकरी अशी की ती मोडायला करवत घेतली असती तरी चाललं असतं. ही हळूच वाढप्याला म्हणाली, "मीठ राहिलंय का हो?" तर तो छाती काढून म्हणतो, "बाई, ही पूर्वजांची चव आहे!" म्हणजे पूर्वजांच्या घरी मीठ संपलेलं, तर त्याची शिक्षा आम्हाला! सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. बोलून उपयोग काय?

पण तुम्हाला सांगतो, खरी गंमत पुढंच... गंमत म्हणतोय मी. दुसरा शब्द सापडत नाही म्हणून म्हणतोय.

शेवटी नेलं जुन्या वस्तूंच्या दुकानात. लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना कंदील, आरसे, पेट्या, एक पाय नसलेली टेबलं. मी आपला बसायला काही मिळतंय का बघत आत आत गेलो, आणि कोपऱ्यात एक कपाट पाठ करून उभं होतं. पाठ बघितली आणि माझे पाय तिथंच थांबले. मागच्या फळ्यांवर रंध्याचे घाव दिसत होते. अर्ध्या फळ्यांवर उजवीकडून मारलेले, अर्ध्यांवर डावीकडून. उजवे माझे. डावे माझ्या धाकट्या भावाचे. तो डावखुरा होता.

पंधरा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी ते कपाट एका डॉक्टरीणबाईंसाठी केलं होतं. एक जुनी इमारत पाडली, तिच्या दारांचं लाकूड आणून केलं. कुलूप त्यानं बसवलं, आणि त्याच्या हातानं ते उलटं बसलं, किल्ली भलत्याच बाजूला फिरायची. बाई कपाट बघायला आल्या, त्यांना उघडेना. आणि मी... बाईंच्या समोर, दोन मजुरांच्या समोर म्हणालो, "डाव्या हाताचं काम, डावंच होणार!"

त्यानं कपड्यांवरचा भुसा झटकला, पटाशी जागेवर ठेवली आणि गेला. दुसऱ्या गावात स्वतःचं काम सुरू केलं. मला वाटलं, येईल. त्याला वाटलं असेल, दादा बोलावील. अकरा वर्षं! अकरा वर्षं मी काही बोललो नाही, आणि चार वर्षांपूर्वी तो गेलाच. मी पोचलो तेव्हा त्याला स्मशानात नेलेलं होतं. भावजयीनं नुसतं पाणी दिलं. आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते, तुमच्यापासून काय लपवायचं?

तर वळसा घालून पुढं गेलो. कपाटासमोर एक तरुण जोडपं उभं, नवं लग्न झालेलं, आणि दुकानदार हात हलवत त्यांना सांगतोय, "दोनशे वर्षांचं आहे, साहेब! आणि हे कुलूप बघा. किल्ली उलटी फिरते! ही त्या काळची युक्ती. चोर आला, त्यानं सरळ फिरवली, उघडत नाही, चोर गेला! असे कारागीर आता कुठं मिळतात?"

चोर गेला म्हणे! लाकडाला चहाचं पाणी पाजून, साखळीनं ठोकून, पंधरा वर्षांचं दोनशे वर्षांचं केलंय, आणि वर चोर गेला! हे ऐकून मला हसू येत होतं की रडू, मलाच कळेना. हिनं माझा दंड धरला. तिनंही ओळखलं होतं. "अहो... हे तर भाऊजींचं..." एवढंच म्हणाली. मी खाली बसलो, गुडघे कुरकुरले तरी बसलो, आणि खालचा खण ओढून आत हात घातला. सांधे तसेच्या तसे. कुठं फट नाही.

त्या जोडप्यातली मुलगी वाकून बघायला लागली. "काका, तुम्हाला यातलं कळतं का हो? आम्ही पहिल्यांदाच घर लावतोय. खरंच आहे ना हे दोनशे वर्षांचं?"

आता बघा हं माझी पंचाईत. दुकानदार माझ्याकडे बघतोय, त्याच्या कपाळावर घाम. खरं सांगायला एक वाक्य पुरे होतं. पोरीला फसू द्यायचं नाही, हे तर खरंच ना? पण कपाट दोनशे वर्षांचं असेल तर ते कुलूप म्हणजे युक्ती, आणि पंधरा वर्षांचं असेल तर ती चूक! पुन्हा चूक. पुन्हा चार लोकांच्या देखत, आणि पुन्हा माझ्याच तोंडून. कसं बोलू?

मी म्हटलं, "पोरी, वय मला सांगता येणार नाही. त्याच्यासाठी घेत असशील तर घेऊ नकोस. पण लाकूड जुनं आहे, आणि काम पक्कं आहे. तुझी नातवंडं वापरतील."

"आणि कुलूप?"

"ते मुद्दाम तसं बसवलंय," मी म्हटलं. "फार छान बसवलंय."

इतकंच होतं हो ते वाक्य. ज्याला सांगायचं होतं त्याच्या घराकडे जाणारी बस रोज सकाळी आमच्या दारावरनं जायची!

दुकानदारानं सुटकेचा निःश्वास टाकला. पोरीनं नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं मान हलवली. हमाल आले, दोऱ्या आल्या. मी एकाला ओरडलो, "अरे वरून नको धरू, खालून धर!" ती पोरगी हसली. म्हणाली, "काका, एवढं कसं कळतं तुम्हाला? कुणी केलं असेल हे?"

मी तिला मागच्या फळ्या दाखवल्या. "हे बघ, दोन माणसांचे हात आहेत. एक उजवा, एक डावा. भाऊ असावेत."

"अय्या! मग भांडत असतील ना, काम करताना?"

"एकदा भांडले," माझ्या तोंडून निघून गेलं. मग सावरून म्हटलं, "म्हणजे भांडले असतील."

"पण नंतर मिटलं असेल ना, काका?"

ही पलीकडे तोंड करून डोळे पुसत होती. बसचा भोंगा वाजत होता, झेंडीवाली मुलगी आमची नावं पुकारत होती, आणि पोरगी उत्तराची वाट बघत उभी. काय सांगणार होतो मी तिला, तुम्हीच सांगा!

म्हटलं, "मिटलं असेल गं. दोनशे वर्षं झाली."