मठातले केस आणि कोर्टातली केस

...नाही नाही, तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? वीस वर्षं मी मठात जातोय, दर पंधरा दिवसांनी, ओसरीवर बसायचं, आधी मोठ्या स्वामींचं डोकं करायचं, मग दोन्ही शिष्यांची, वस्तरा पुसायचा, घरी यायचं, बास! तुम्हाला सांगतो, त्या दिवशीही तेच केलं! स्वामींनी डोक्यावरून हात फिरवला, थोरल्या शिष्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "आता पुढचा हा." एवढंच! थोरले येऊन पाटावर बसले, मी पाणी लावलं... आणि चौथ्या दिवशी स्वामी गेले हो! मी असा ढसाढसा रडलो, बायको म्हणाली, "अहो, मामंजी गेले तेव्हा तरी एवढं रडलात का?"

महिना झाला नाही तोच थोरले म्हणाले, गादी माझी! का? तर स्वामींनी स्वतः बोट करून सांगितलं, 'आता पुढचा हा'! धाकटे म्हणाले, हॅट्, गादी माझी, माझ्याकडे स्वामींच्या हातचं पत्र आहे! गेले की दोघं कोर्टात! आणि 'पुढचा हा' ऐकलं कोणी? धाकटे तेव्हा आंघोळीला. उरलं कोण? मी! समन्स दारात! बायको कपाळाला हात लावून म्हणते, "काय भादरून ठेवलंत तिकडे?" अगं, माझा संबंध केसांशी, केसशी नाही!

मग काय विचारता! थोरल्यांचा निरोप आला, "फक्त खरं सांगा. 'आता पुढचा हा' एवढंच सांगा, त्याउपर तोंड उघडू नका." धाकटे तर जातीने दुकानात! खुर्चीत बसले, गळ्याला कापड बांधून घेतलं, आरशातून माझ्याकडे बघत, गोड आवाजात, "शेवटी शेवटी स्वामींना काही कळत नव्हतं, तुम्हालाही जाणवलं असेल ना?" असा भडका उडाला माझा! वस्तरा खाली ठेवला, म्हटलं, "महाराज, शेवटच्या खेपेलाही स्वामी मला म्हणाले, डाव्या कानामागे दोन केस राहिलेत. आणि राहिले होते!"

उभा राहिलो पिंजऱ्यात. अहो, माझा संबंध केसांशी, केसशी नाही, पण ऐकतो कोण? थोरल्यांचा वकील म्हणाला, "स्वामी काय म्हणाले?" म्हटलं, "आता पुढचा हा." झालं! कोर्टात कुजबुज, थोरले हात जोडून उभे, जणू गादीवर बसलेच! तेवढ्यात धाकट्यांचा वकील उठला, "तेव्हा तुमच्या हातात काय होतं?"

"वस्तरा."

"आणि हे ऐकून थोरले कुठे बसले? गादीवर?"

"पाटावर."

"मग तुम्ही काय केलंत?"

काय सांगू तुम्हाला... थोरले टक लावून बघतायत, वीस वर्षं ते डोकं माझ्या हातातलं, एक शब्द गिळला असता तर माणूस तरला असता! पण डोळ्यांसमोर स्वामी आले. म्हटलं, "साहेब, त्यांचं डोकं केलं." अख्खं कोर्ट हसलं! न्यायाधीशांनी कागदात तोंड खुपसलं. धाकट्यांच्या चेहऱ्यावर काय तो आनंद! पण थोरल्यांचा वकील कसला सोडतोय? स्वामींचं ते पत्र माझ्या नाकासमोर धरलं, "ही तारीख बघा. या दिवशी गेला होतात मठात?" बघितली. "गेलो होतो. स्वामींचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, साहेब, पंचासुद्धा मीच गुंडाळून दिला." धाकटे मटकन खाली!

निकाल? गादीचा फैसला पुढे, तोवर मठ सरकारच्या ताब्यात! प्रशासक आले, टेबल आलं, शिक्का आला. मी पंधरवड्याला गेलो, तर कारकून म्हणतो, "न्हाव्याचं पद मंजूर नाही. अर्ज करा, तीन प्रती." चार वर्षं झाली! दोघा शिष्यांच्या जटा खांद्याला लागल्या, आणि बघा गंमत, एकमेकांचं तोंड न बघणारे ते दोघं आता एका बाकावर बसतात, एकच वकील, सरकारविरुद्ध अपील! साक्षीदार कोण? मीच की! ओरडून सांगितलं हो, माझा संबंध केसांशी... जाऊ दे.

शेवटी म्हटलं, प्रशासकांनाच भेटू, डोकं म्हणजे डोकं, गादीवरचं काय अन् खुर्चीवरचं काय! पेटी काखेला मारली, आत शिरलो, नमस्कार केला, साहेबांनी मान वर केली, टोपी काढून टेबलावर ठेवली...

तुळतुळीत टक्कल!