विलायती कपाट आणि रेवणप्पाची सनई

आख्ख्या जळकोटात गाण्याचा खरा कान कुणाला असंल तर तो ह्या महारुद्राला, म्हंजे मला... म्हंजे उजवाच. डाव्यावर चौथीत मास्तरांनी अशी ठेवून दिली की तवापासून तो कान बी बंद आन् माझी शाळा बी बंद! पर एका कानावर का होईना, तुम्हाला सांगतो, माल वळखावा तर म्याच. निजाम गेला, जहागिरी गेल्या, आन् नळदुर्गाला एका जहागीरदाराचं सामान विकायला निघालं. त्यात हे कपाट! कपाट म्हंजे कापडं ठेवायचं न्हवं हो... रेडिओग्राम! विलायती! झाकण उघडलं की आत तबकडी फिरणार, म्होरं आवाजाची जाळी, आन् पालिश असं की त्यात बघून दाढी करावी. किंमत? दोन पोती ज्वारी! सोलापूरच्या दुकानात नुसता हात लावायला तेवढी मागतील. माल मात्र एक नंबर!

इकणारा लालमहंमद, जहागीरदाराचा जुना कारभारी. सरळ माणूस. त्यानं बजावलं बी, "काका, देख लेव, बिजली पे चलता ये. बाद में बोलना नै." म्या म्हणलं, "अरं, आमच्या गावात खांब आलेत!" खोटं बोललो का? आलेत की! दोन वरसं झाली. एकेका खांबाला एकेक म्हैस बांधलेली असती, म्हणून काय ते खांब न्हाईत? तारवाला म्हणलाच होता, "चैतात येतीय वीज." कुठल्या चैतात ते इचारायचं राहिलं, एवढीच काय ती चूक!

गाडीत वाकळा हातरून कपाट निजवलं, आन् आमची गजराबाई गाडीमागनं पायी. "मला कधी असं आणलं न्हाय," म्हणली. म्या म्हणलं, "तू कुठं विलायती हायस?" घर येईस्तोवर त्वांड उघडलं न्हाय तिनं. तेवढाच फायदा! माल मात्र एक नंबर!

इथवर ठीक होतं... पर माझी जीभ! नातीचं लगीन ठरलेलं. आमचा सनईवाला रेवणप्पा, तीस वरसं गावातली समदी लग्नं त्याच्याच फुंकरीवर लागली, त्याला चावडीत समद्यांदेखत म्हणलं, "रेवणप्पा, आता सनईत हरभरे साठव! औंदा मशीन वाजणार!" समदे हसले. रेवणप्पा बी हसला. तिथंच सावध व्हायला पायजे होतं, न्हाय का?

चैत आला, गेला. वैशाख उजाडला. खांबाला म्हशीच! आन् तामलवाडीचं वऱ्हाड येऊन वेशीभायेर लिंबाखाली बसलं. आमच्याकडं वाजाप वाजल्याबिगर वऱ्हाड वेशीच्या आत पाय टाकत न्हाय. व्याही आण्णासाहेब वरडले, "वाजाप कुठाय? आमी काय मयतीला आलाव?"

कपाट वेशीत नेलं. सनईची तबकडी ठेवली, वर सुई टेकवली आन् फिरवली... बोटानं! ह्या बोटानं! गजराबाई जाळीला कान लावून बसली.

"काय ऐकू येतंय?"

"डास."

जोर लावला.

"आता?"

"आता रेडकू वरडतंय. जरा हळू फिरवा, भ्यालंय ते."

तिकडं आण्णासाहेब म्हणतात, "गाड्या जुपा रे!" हिकडं मांडवात हळद लागलेली पोरगी रडून लाल. आन् गावातलं एकेक बेणं म्हणतंय, "काका, माल मात्र एक नंबर!" माझंच बोलणं, मलाच!

काय करता? पळालो. पागोटं काढून रेवणप्पाच्या वट्ट्यावर ठेवलं. बघतो तर गडी नवा सदरा घालून, सनई पुसून, तयार बसलेला! म्या म्हणलं, "चल बाबा, चुकलं माझं. वऱ्हाड माघारी निघालंय!"

रेवणप्पानं सनई उलटी केली. तळहातावर ठोकली... पुन्यांदा ठोकली... आत एक डोळा लावून बघितलं.

"येतो की काका," म्हणला, "पर जरा दम धरा... हरभरे निघंनात."